चिप जिंकली, शेअर हरला: वेव्ह सिस्टिम्सची गोष्ट

आज एक छोटा प्रयोग सांगतो. घरात विंडोज ११ चालणारा लॅपटॉप असेल, तर हा एपिसोड ऐकून झाल्यावर स्टार्ट मेनूत जा आणि टाइप करा: टी-पी-एम, डॉट, एम-एस-सी. एक साधी, कंटाळवाणी विंडो उघडेल. त्यात बहुतेक असं दिसेल की टीपीएम वापरायला तयार आहे, आणि आवृत्ती २.०.

टीपीएम म्हणजे ट्रस्टेड प्लॅटफॉर्म मॉड्यूल. कॉम्प्युटरच्या आत बसवलेली एक छोटी तिजोरी समजा. डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी किल्ली या तिजोरीच्या ताब्यात असते. मशीन सुरू होताना मधे कुणी काही बदललंय का, याची नोंदही तिथे होते. लॅपटॉप चोरीला गेला आणि चोराने डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली, तरी किल्ली मागेच राहते. २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की विंडोज ११ साठी टीपीएम २.० हवंच. तेव्हा कितीतरी जणांचे चांगले चालणारे जुने कॉम्प्युटर एका फटक्यात अपात्र ठरले, आणि हा शब्द पहिल्यांदा सामान्य माणसाच्या कानावर आला.

आता गंमत ऐका. अमेरिकेत एक छोटी कंपनी होती. ती कित्येक वर्षं हेच सांगत होती, की नुसत्या सॉफ्टवेअरने सुरक्षा होणार नाही, ती चिपमध्ये उतरवावी लागेल, आणि एक दिवस प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये अशी चिप असेल. तिचे शेअर घेणारेही हेच म्हणत होते. ते सगळे बरोबर ठरले. आणि ती कंपनी २०१६ मध्ये, म्हणजे विंडोज ११ यायच्या पाच वर्षं आधी, दिवाळखोरीत गेली.

कंपनीचं नाव वेव्ह सिस्टिम्स. आजचा एपिसोड तिच्यावर.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी सेबीकडे नोंदणी असलेला सल्लागार नाही, आणि कुठलाही शेअर घ्या किंवा विका असं मी इथे सांगणार नाही. हा विषय घेतला, कारण गेले काही महिने तुमच्या मेसेजेसचा सूर एकच आहे. एआयच्या नव्या चिप येतायत, भारतात सेमीकंडक्टरचे कारखाने उभे राहतायत, आणि एक छोटी कंपनी आहे जिचं सॉफ्टवेअर त्या चिपवर चालणार आहे. दादा, घेऊ का? एकाने तर लिहिलंय, दीड लाख साठलेत, पुढच्या वर्षी बहिणीची कॉलेजची फी भरायची आहे, तोवर दुप्पट झाले तर बरं होईल. त्याला उत्तर देणार आहे. पण आधी वेव्हची गोष्ट नीट ऐका, म्हणजे उत्तर कुठून येतंय ते कळेल.

वेव्हची स्थापना १९८८ ची. संस्थापक पीटर स्प्रेग, जे नॅशनल सेमीकंडक्टर या मोठ्या चिप कंपनीचे बरीच वर्षं अध्यक्ष होते. पुढे त्यांचा मुलगा स्टीव्हन वेव्हचा प्रमुख झाला. ऑफिस मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ली नावाच्या गावात. १९९४ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. संचालक मंडळावर कोण होतं बघा: जॉर्ज गिल्डर, त्या काळचे तंत्रज्ञानावर लिहिणारे नावाजलेले लेखक, आणि नोलन बुशनेल, म्हणजे अटारी कंपनीचे एक संस्थापक. हे मुद्दाम सांगतोय. घोटाळ्याची गोष्ट असली की आपण म्हणतो, 'छे, आपण नसतो फसलो,' आणि पुढे जातो. इथे तसं म्हणता येत नाही. माणसं हुशार होती, कल्पना खरी होती.

पहिली कल्पना मीटरची होती. घरात विजेचा मीटर असतो ना, तशी कॉम्प्युटरमध्ये एक चिप. सॉफ्टवेअर, माहिती, जे काही वापराल तेवढ्याचेच पैसे. त्यातूनच पुढे 'एम्बसी' नावाची सुरक्षा चिप निघाली. मार्च २००० मध्ये, डॉट-कॉमचा ज्वर टोकाला असताना, वेव्हचा शेअर सुमारे ५० डॉलरपर्यंत गेला. कमाई तेव्हा जवळजवळ नव्हतीच. लोक उद्याची किंमत आज देत होते.

त्याआधी, १९९९ मध्ये, एक महत्त्वाची घटना घडली होती. कॉम्पॅक, एचपी, आयबीएम, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या पाच दिग्गजांनी मिळून सुरक्षा चिपचं एक समान प्रमाण ठरवायला सुरुवात केली. तीच पुढे टीपीएम झाली. ही बातमी वेव्हसाठी चांगली होती की वाईट?

दोन्ही. चांगली अशी, की जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्या तुमचीच कल्पना खरी मानतायत. वाईट अशी, की आता चिपचं प्रमाण त्यांचं आहे. ती चिप इन्फिनिऑन बनवणार, एसटी मायक्रो बनवणार, ॲटमेल बनवणार. मग वेव्हची स्वतःची चिप कशाला हवी? कंपनीने मोहरा वळवला. चिप कुणाचीही असो, ती चालवणारं, किल्ल्या सांभाळणारं सॉफ्टवेअर आमचं. इथून वेव्ह खऱ्या अर्थाने दुसऱ्याच्या चिपवर जगणारी छोटी सॉफ्टवेअर कंपनी झाली.

मग आलं २००२. जूनमध्ये मायक्रोसॉफ्टचा 'पॅलेडियम' नावाचा सुरक्षेचा प्रकल्प जगासमोर आला. सप्टेंबरमध्ये इंटेलचे पॉल ओटेलिनी यांनी 'लाग्रँड' जाहीर केलं. लाग्रँड म्हणजे प्रोसेसरमध्येच आणि त्याच्या सोबतच्या चिपसेटमध्ये सुरक्षेची सोय, जोडीला टीपीएम. आता शेअर घेणाऱ्याच्या डोक्यात काय हिशेब सुरू झाला असेल? जगात वर्षाला तेव्हा पंधरा कोटींच्या आसपास कॉम्प्युटर विकले जात होते. प्रत्येकात ही चिप येणार. प्रत्येक चिपला सॉफ्टवेअर लागणार. मशीनमागे फक्त एक डॉलर धरा. वर्षाला पंधरा कोटी डॉलर! आणि कंपनीची वर्षाची कमाई त्या वेळी काही लाख डॉलर.

कागदावर हा हिशेब चुकलेला वाटत नाही. तुमच्याकडे येणारे मेसेज आठवून बघा, अगदी हाच हिशेब असतो. 'मार्केट इतकं मोठं आहे, आपल्या कंपनीला एक टक्का जरी मिळालं तरी...' हा 'जरी' फार महागात पडतो. त्या एक टक्क्यासाठी कुणी कुणाला पैसे द्यायचे, हे त्या वाक्यात कुठेच नसतं.

ऑगस्ट २००३ मध्ये वेव्हने जाहीर केलं की इंटेलशी करार झाला. इंटेलच्या मदरबोर्डसोबत वेव्हचं सॉफ्टवेअर जाणार. शेअर काही दिवसांत कित्येक पट उसळला. छोट्या कंपनीच्या बातमीत इंटेलचं नाव आलं की काय होतं, तुम्ही कल्पना करू शकता. पण 'आमच्या मदरबोर्डसोबत तुमचं सॉफ्टवेअर जाऊ शकेल' हे एक वाक्य आहे आणि 'आम्ही किमान इतक्या प्रती घेऊच' हे वेगळं वाक्य आहे. शेअर बाजाराने दुसरं वाक्य ऐकलं, कागदावर पहिलं होतं. शेअर नंतर खाली आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकाने, म्हणजे त्यांच्या सेबीने, त्या ऑगस्टमधल्या घोषणांची आणि काही व्यवहारांची औपचारिक चौकशी सुरू केली.

बरं, वाट बघायची तर बघू. पण वाट किती लांब होती? मायक्रोसॉफ्टचा तो मोठा प्रकल्प आकसत गेला, आणि विंडोज व्हिस्टामध्ये २००६-०७ ला आलं ते मुख्यतः बिटलॉकर, डिस्क कुलूपबंद करणारं. इंटेलचं लाग्रँड 'ट्रस्टेड एक्झिक्युशन टेक्नॉलॉजी' असं नाव घेऊन २००७ मध्ये ऑफिसच्या मशीन्समध्ये आलं. म्हणजे घोषणेपासून पाच वर्षं. इंटेलसाठी पाच वर्षं म्हणजे काय? काहीच नाही. त्यांचे बाकीचे प्रोसेसर विकले जातच होते. वेव्हसाठी पाच वर्षं म्हणजे दर महिन्याचे पगार, ऑफिसचं भाडं, वकिलांची फी. दर वर्षी कोटी डॉलरच्या पुढे तोटा.

आता खरा प्रश्न. कमाई काही लाख, खर्च कोटीत. मग पगार कुठून व्हायचे?

उत्तर आहे, नवे शेअर विकून. आणि सगळ्यात कमी बोललं जातं ते याच गोष्टीवर. आकडे घेऊन करू. हे आकडे वेव्हचे नाहीत, समजण्यापुरते मीच घेतलेत. समजा एका कंपनीचे १० कोटी शेअर आहेत, भाव १० रुपये. म्हणजे बाजाराच्या मते कंपनी १०० कोटींची. दर वर्षी २० कोटी कमी पडतात. ते उभे करायला १० रुपयांच्या भावाने २ कोटी नवे शेअर काढले. आता एकूण १२ कोटी. कालपर्यंत तुमच्याकडे कंपनीचा एक टक्का होता, आज ०.८३ टक्के. तुम्ही एकही शेअर विकलेला नाही. ॲपमध्ये शेअरची संख्या तेवढीच दिसते. असं दर वर्षी वीस टक्के वाढत गेलं, तर पाच वर्षांनी शेअर जवळपास २५ कोटी होतात आणि तुमचा वाटा उरतो ०.४ टक्के. म्हणजे कंपनीची एकूण किंमत अडीच पट झाली, तर तुम्ही आहात तिथेच राहणार. आणि भाव पडत असेल तर तेवढेच पैसे उभे करायला आणखी जास्त शेअर काढावे लागतात.

याला डायल्यूशन म्हणतात. आपल्याकडे म्हणतात ना, पाहुणे वाढले की आमटीत पाणी. तसंच. फरक इतकाच, की इथे पाणी ओतल्याचं बऱ्याच जणांना वर्षभर कळतच नाही, कारण ते भाव बघत असतात, शेअर्सची संख्या बघत नाहीत.

वेव्हने हे वर्षानुवर्षं केलं. नॅस्डॅकवर राहायचं तर भाव साधारण एक डॉलरच्या वर ठेवावा लागतो. तो खाली जायला लागला की रिव्हर्स स्प्लिट. म्हणजे तीन शेअर घ्या, एक करा, भाव तिप्पट दिसेल. वेव्हने २००६ मध्ये तीनाचा एक केला आणि २०१३ मध्ये चाराचा एक. गुणाकार करा: ज्याच्याकडे १२०० शेअर होते, त्याच्याकडे उरले १००. त्यामुळे २००० सालचे ते ५० डॉलर नंतरच्या शेअरच्या हिशेबाने ६०० डॉलर होतात. चार्टवर अशा कंपनीचा जुना भाव शेकड्यात दिसतो, तो असा. 'अरे, हा कधीकाळी ६०० ला होता, आता दोनला मिळतोय' असं म्हणून घेणारे तेव्हाही होते.

पण थांबा. कंपनीने काहीच केलं नाही, असं नाही. हे सांगितलं नाही तर अन्याय होईल. डेलने आपल्या ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये वेव्हचं सॉफ्टवेअर द्यायला सुरुवात केली. २००७ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सांगितलं, नवीन कॉम्प्युटर घेताना टीपीएम असलेलेच घ्या. आपोआप कुलूपबंद होणाऱ्या हार्ड डिस्क आल्या, त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर वेव्हकडे होतं. कमाई वाढत गेली. २०११ मध्ये ती साडेतीन कोटी डॉलरच्या वर होती. कुठे काही लाख, कुठे साडेतीन कोटी! आता तरी नफा? नाही. त्या वर्षीही तोटाच.

का? दोन कारणं मला महत्त्वाची वाटतात.

पहिलं, डेलच्या मशीनमध्ये सॉफ्टवेअर येत होतं ते डेलने टाकलेलं म्हणून. लॅपटॉप घेणाऱ्याने ते मागितलं नव्हतं. त्या काळात कित्येक ऑफिस लॅपटॉपवर टीपीएम चिप बंदच ठेवलेली यायची, कुणीतरी आत जाऊन ती चालू करावी लागायची. मशीनमागे वेव्हला मिळणारे पैसे थोडे. खरे पैसे तेव्हा, जेव्हा एखादी मोठी कंपनी म्हणेल की आमचे हजारो लॅपटॉप एका जागेवरून सांभाळायला तुमची मोठी आवृत्ती द्या. असे काही मोठे ग्राहक मिळालेही. पण जेवढ्या मशीन्समध्ये फुकट गेलं, त्या मानाने पैसे देणारे फार थोडे.

दुसरं कारण जास्त गंभीर. कमाईचा मोठा भाग एकट्या डेलकडून येत होता. डिसेंबर २०१२ मध्ये डेलने क्रेडंट टेक्नॉलॉजीज ही कंपनी विकत घेतली. तिचं कामही हेच, डेटाची सुरक्षा. म्हणजे तुमचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक उद्यापासून तुमचाच स्पर्धक. दुसऱ्या बाजूला मायक्रोसॉफ्टचं बिटलॉकर विंडोजच्या आतच होतं. आणि टीपीएम? ती तर हळूहळू प्रोसेसरच्या आतच गेली. आज तुमच्या लॅपटॉपमध्ये बहुतेक वेगळी टीपीएम चिप नसेल, इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्येच ते काम होत असेल. म्हणजे वरून विंडोज, खालून प्रोसेसर, बाजूने डेल. मधे उभं राहायला वेव्हला जागा किती उरली?

समृद्धी महामार्गाचं उदाहरण घ्या. नागपूर ते मुंबई, ७०१ किलोमीटर, २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाला. समजा एखाद्याने 'रस्ता येणार' म्हणून दहा वर्षं आधी शेताच्या कडेला ढाबा टाकला. रस्ता आला. गाड्या धावतायत, ढाब्यावरून दिसतायतसुद्धा. पण समृद्धीवर कुठूनही चढता-उतरता येत नाही, ठरलेल्या इंटरचेंजवरूनच जावं लागतं. इंटरचेंज वीस किलोमीटर पुढे. रस्त्याबद्दलचा त्याचा अंदाज शंभर टक्के खरा ठरला आणि ढाबा रिकामा. इंटरचेंज कुठे द्यायचा हे ढाबेवाला ठरवत नाही.

तर वेव्हची कमाई २०१२ पासून उतरणीला लागली. २०१३ मध्ये स्टीव्हन स्प्रेग पदावरून गेले, नवा प्रमुख आला. फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तोपर्यंत एकूण साठलेला तोटा ४० कोटी डॉलरच्या पुढे गेला होता. हे ४० कोटी कुणाचे? मुख्यतः शेअर घेत राहिलेल्या माणसांचे. आणि दिवाळखोरीत ज्यांचं कंपनीकडे येणं असतं ते रांगेत पुढे, शेअरवाले सगळ्यात शेवटी.

आता तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, की मग मायक्रोसॉफ्टचं काय? बरोबर प्रश्न आहे. १९७५ मध्ये मायक्रोसॉफ्ट म्हणजे काय होतं? इंटेलच्या नव्याकोऱ्या ८०८० प्रोसेसरवर जगणारी छोटी सॉफ्टवेअर कंपनी. अल्टेअर नावाच्या कॉम्प्युटरसाठी त्यांनी बेसिक ही भाषा लिहिली. दुसऱ्याचा प्रोसेसर, दुसऱ्याचं मशीन. वेव्हपेक्षा वेगळं काय?

मला तीन फरक दिसतात. एक, लोकांना ते हवं होतं. इतकं, की लोक त्याच्या चोरून प्रती काढत होते, आणि १९७६ मध्ये बिल गेट्सनी त्याबद्दल तक्रार करणारं जाहीर पत्र लिहिलं. अल्टेअर घेतलेल्या माणसाला बेसिकशिवाय त्याचं फारसं काही करताच येत नव्हतं. वेव्हचं सॉफ्टवेअर लॅपटॉपमधून काढून टाकलं तर बहुतेकांच्या लक्षातही आलं नसतं. दोन, मायक्रोसॉफ्ट एका गिऱ्हाइकाच्या दावणीला बांधली गेली नाही. १९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीला डॉस दिली, पण तीच डॉस दुसऱ्या कंपन्यांना विकायचा हक्क आपल्याकडे ठेवला. तीन, पगार गिऱ्हाइकांच्या पैशांतून होत होते. मायक्रोसॉफ्ट शेअर बाजारात आली १९८६ ला, तेव्हा ती चांगला नफा कमावत होती. दिवे चालू ठेवायला तिला लोकांना शेअर विकावे लागले नाहीत.

यातून मी स्वतःसाठी तीन प्रश्न काढलेत, छोट्या कंपनीबद्दल काही वाचलं की ते विचारतो.

पहिला, हे उद्या बंद झालं तर ओरडणार कोण? आणि जो ओरडेल तो पैसे देणारा आहे का? 'अमुक मोठ्या कंपनीशी सामंजस्य करार' या बातमीत पैसे देणारा कोण हे शोधा. किमान किती माल घ्यायची हमी आहे? आकडा नसेल, तर ती ओळख झाल्याची बातमी आहे, लग्नाची नाही.

दुसरा, ज्याच्या चिपवर किंवा ज्याच्या दुकानात ही कंपनी उभी आहे, त्याने हेच काम उद्या स्वतः करायचं ठरवलं तर? भारतातल्या लिस्टेड कंपन्यांच्या वार्षिक अहवालात, हिशेबाच्या टिपांमध्ये, कमाईचा दहा टक्के किंवा त्याहून जास्त भाग एकाच ग्राहकाकडून येत असेल तर ते बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. पीडीएफ उघडा, 'कस्टमर' शब्द शोधा. मोबाइलवरसुद्धा दोन मिनिटांचं काम आहे.

तिसरा, पगार कुठून होतात? वार्षिक अहवालात कॅश फ्लो स्टेटमेंट असतं. तिथे दोन ओळी बघा: धंद्यातून आलेली रोकड आणि फायनान्सिंगमधून आलेली रोकड. पहिली वर्षानुवर्षं उणे आणि दुसरी अधिक, म्हणजे दिवे तुमच्यासारख्यांच्या पैशांवर चालू आहेत. मग पाच वर्षांपूर्वीची आणि आजची एकूण शेअर संख्या शेजारी ठेवा. आपल्याकडे हे वेगवेगळ्या नावांनी येतं: प्रेफरेन्शियल अलॉटमेंट, वॉरंट, राइट्स, क्यूआयपी. बीएसई आणि एनएसईच्या साइटवर कंपनीच्या घोषणांमध्ये सगळं असतं. नवे शेअर काढणं वाईटच असतं असं नाही. कारखाना उभारायला, खरी ऑर्डर पुरी करायला काढले तर ते समजू शकतं. मागचा तोटा भरायला दर वर्षी काढत असतील, तर ती आमटी आणि पाणी.

आणि कंपनीच्या नावाकडे बघून तर काहीच ठरवू नका. नावात नवा धंदा घालायचा तर आधीच्या वर्षात निम्मी कमाई त्या धंद्यातून असावी लागते, किंवा कंपनीच्या मालमत्तेच्या निम्म्याइतकी गुंतवणूक त्यात असावी लागते, असा सेबीचा नियम आहे. असा नियम करावा लागला, यावरूनच काय ते समजा.

आता त्या दीड लाखवाल्या मित्राला. तू विचारलंस, घेऊ का. तुझ्या कंपनीचं तंत्रज्ञान खरंच येईल का, ते मला सांगता येणार नाही. येईलही. पण वेव्हच्या लोकांचंही आलं होतं. फरक पडला तो कधी आलं आणि पैसे कुणाला मिळाले यावर. बहिणीच्या फीला तारीख आहे. पुढच्या जूनमध्ये कॉलेज 'चिप यायला थोडा उशीर होतोय' हे ऐकून घेणार नाही. इंटेलला पाच वर्षं उशीर परवडला, तुला पाच महिनेही परवडणार नाहीत. ज्या पैशाला तारीख आहे, तो अशा शेअरमध्ये घालू नकोस. एफडीत ठेव, कंटाळवाणं आहे, चालेल. त्यातही एसएमई बाजारातला शेअर असेल तर तो ठरलेल्या लॉटमध्येच विकावा लागतो, आणि भाव पडत असताना समोर घेणारा मिळेलच असं नाही.

मग सट्टा करूच नये का? मी तसं म्हणणार नाही. नव्या गोष्टींवर कुणीतरी पैसे लावतं म्हणूनच त्या उभ्या राहतात. पण लावायचे तर इतकेच लावा, की सगळे गेले तरी महिन्याच्या रेशनला हात लागणार नाही. आणि घ्यायच्या आधी एका कागदावर तीन ओळी लिहा: मी हे का घेतोय, कुठल्या तारखेपर्यंत काय घडायला हवं, आणि ते घडलं नाही तर मी काय करणार. 'भाव वाढेल' ही ओळ चालणार नाही. 'मार्चपर्यंत धंद्यातून रोकड यायला लागेल' ही चालेल. तारीख आली, ते घडलं नाही, की कागद बघून निर्णय घ्या. नाहीतर 'अजून एक तिमाही' म्हणत वर्षं जातात, आणि भाव पडला म्हणून ॲव्हरेज करत माणूस आणखी पैसे घालतो. वेव्हच्या बाबतीत प्रत्येक वर्षी थांबायला एक चांगलं कारण होतं: इंटेल, व्हिस्टा, डेल, संरक्षण खातं. एकही कारण खोटं नव्हतं, म्हणून तर सुटणं जास्त अवघड होतं.

तर लॅपटॉपवर टीपीएमची ती विंडो उघडून बघा, आणि ज्या कंपनीवर तुमचा डोळा आहे तिचा वार्षिक अहवालही उघडा. पाच वर्षांपूर्वी किती शेअर होते, आज किती आहेत, हे दोनच आकडे मला पाठवा. कंपनीचं नाव नाही सांगितलंत तरी चालेल. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातले काही घेऊन कॅश फ्लो स्टेटमेंट ओळीओळीने वाचू, सोबत वही-पेन घेऊन बसा. हा भाग कुणाच्या उपयोगाचा वाटला तर त्याला पाठवा, विशेषतः ज्याने तुम्हाला नुकतीच एखादी 'टिप' दिली असेल त्याला. भेटू, काळजी घ्या.